अठ्ठावन्न नंबरची गादी

सळई खाली गेलीच नाही.

थोरलीने गादीवर आडवी पट्टी ठेवली, पट्टीच्या मधल्या भोकातून पितळी सळई सोडली, आणि सळई कापडाला टेकून जशीच्या तशी उभी राहिली. तिने सळई पुसली. मग चष्मा पुसला. मग गादी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन पुन्हा मोजली, न जाणो टेबलच खोटं बोलत असेल. शून्य. गादी अशी ताठ, की कालच भरून शिवली म्हणावी. पाच वर्षांत तिच्यावर माशी बसली असेल तर तीही उभ्या उभ्याच.

गादीच्या पोटाला पांढऱ्या दोऱ्याने शिवलेला नंबर होता अठ्ठावन्न. आणि अठ्ठावन्न नंबरवर गेली पाच वर्षं बसत होता, निदान घरात सगळे तसं समजत होते, तो थोरलीचा सख्खा भाऊ. ज्या दिवशी तो निवडून आला त्या दिवसापासून घरात त्याचं खरं नाव कुणी घेतलं नव्हतं. सगळे त्याला मेंबर म्हणायचे.

सभागृहाच्या शहाण्णव गाद्या मागच्या सोमवारी टेम्पोतून कारखान्यात आल्या होत्या. दर पाच वर्षांनी येतात. मुदत संपली की निवडणुकीच्या आधी सगळ्या उसवायच्या, भरण पिंजायचं, नवी हिरवी खोळ चढवायची आणि परत पाठवायच्या. हे काम या घराकडे तीन पिढ्या. पहिली पिढी मूळपुरुषाची, म्हणजे थोरलीच्या आजोबांची. सभागृहाच्या गादीत स्पंज घालायचा नाही ही अट त्यांचीच. ते म्हणत, "स्पंज म्हणजे लबाड नोकर. साहेब उठला की तोही उठतो. घोड्याचे केस भरा. केस लक्षात ठेवतात."

केसांच्या लक्षात काय काय राहतं हे मूळपुरुषाला तळहाताने कळायचं. एकदा त्यांनी एका गादीवर हात ठेवून सांगितलं, हा गृहस्थ डाव्या खिशात किल्ल्यांचा जुडगा ठेवतो आणि बायकोशी भांडून घराबाहेर पडतो. दोन्ही खरं निघालं. दुसरं यांना कसं कळलं हे विचारायला त्या गृहस्थाची बायको स्वतः कारखान्यात येऊन गेली.

पुढे हाताची विद्या पट्टीवर आली. सत्तर किलोचा माणूस शंभर तास बसला की गादी एक मिलिमीटर दबते आणि तशीच राहते. जाड माणसाचे तास कमी धरायचे, बारीक माणसाचे वाढवायचे. नवं सभागृह भरलं की मूळपुरुष पहिल्या दिवशी दारात हात जोडून उभे राहत. लोकांना वाटे, काय नम्र माणूस आहे. ते आत जाणाऱ्या एकेकाचं नजरेने वजन घेत असत. हे सगळं बैठकवहीत उतरायचं. जाड पुठ्ठ्याची वही, प्रत्येक पानावर नंबर, वजन, खड्डा, तास. ती कुणाला दाखवायची नाही आणि तिच्यात खोटं लिहायचं नाही, एवढे दोनच नियम.

पहिला नियम यंदा मोडला होता. मेंबरची मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणत, ती वर्तमानपत्रात कामाला लागली होती आणि सभासद खरोखर किती तास काम करतात हे शोधत तीन महिने वणवण करत होती. हजेरीपटाचा काही उपयोग नव्हता. सकाळी सही ठोकली की दिवस भरला, मग माणूस कॅन्टीनमध्ये बसो नाहीतर घरी जाऊन झोपो. हजेरीपटाप्रमाणे शहाण्णवच्या शहाण्णव सभासद आदर्श होते. शेवटी ती आजोबांपुढे, म्हणजे थोरलीच्या वडिलांपुढे, येऊन बसली होती.

"आजोबा, वही उघडा."

अप्पा शहाऐंशी वर्षांचे. डोळ्यांनी अंधुक, कानांनी सोयीपुरते बहिरे. ते म्हणाले, "उघडतो. पण सगळी उघडायची. घरचं पान चिकटवून बाकीची उघडायची नाहीत."

"मीही तेच म्हणते," चिमणी म्हणाली. तेव्हा दोघांनाही मोठा अभिमान वाटला होता. घरचं पान शून्य निघेल असं दोघांच्याही स्वप्नात नव्हतं.

आठवडाभर थोरली रोज पंधरा-सोळा गाद्या मोजत होती. चिमणी शेजारी बसून उतरवून घेत होती आणि हसून हसून तिची बरगडी दुखत होती. बारा नंबरच्या गादीला खड्डा फक्त उजव्या कोपऱ्यात, कारण माणूस कलून झोपायचा. एकतीस नंबरच्या गादीवर पाव मिलिमीटर, म्हणजे पाच वर्षांत पंचवीस तास, आणि तेही शपथविधीचे नि हारतुऱ्यांचे. सगळ्यांत खोल सात नंबर, एक निवृत्त शाळामास्तरीण. चौदा मिलिमीटर, म्हणजे चौदाशे तास. "बाई मधल्या सुट्टीतही वर्गातच बसत असणार," अप्पा म्हणाले होते.

अठ्ठावन्न नंबर थोरलीने मुद्दाम शेवटी ठेवला होता. आज रविवार. चार वाजता चिमणीच्या संपादकबाई कॅमेरा घेऊन येणार होत्या. शेवटची गादी त्यांच्यासमोर अप्पांनी वाचायची, असं ठरलं होतं. आणि उद्या सोमवारी पक्ष पुन्हा उभं कुणाला करायचं त्याची यादी काढणार होता. थोरली चोरून आधीच मोजून बघत होती ती मनाच्या समाधानासाठी. समाधान चांगलंच झालं.

"वन्सं, किती आले?"

मेंबरची बायको दारात उभी होती. हिला सगळे मेंबरीण म्हणत. मेंबरपेक्षा तीच निवडून आल्यासारखी चालायची. तिच्या मागे धाकटी, म्हणजे थोरलीची बहीण, आणि धाकटीच्या मागे जावईबापू. जावईबापू एकशे दहा किलोचे होते आणि ते कुठेही शेवटीच पोचत.

थोरलीने पट्टीकडे बोट दाखवलं. मेंबरीण वाकून बघू लागली.

"हे काय, सळई अडकली का?"

"अडकली नाही. खाली जायला जागाच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे शून्य."

मेंबरीण सावकाश बाकावर बसली. "शून्य कसं असेल? हे रोज सकाळी साडेनऊला घरातून निघतात. डबा घेऊन जातात. पाच वर्षं मी डबा भरतेय."

"डबा रिकामा येतो ना?" धाकटीने विचारलं.

"रिकामा येतो."

"मग जेवण तरी कुठेतरी होतंय."

"धाकटे," थोरली म्हणाली.

"मी आपली विचारतेय. सभागृहात नाही बसले तर पाच वर्षं बसले कुठे?"

मेंबरिणीचा चेहरा असा झाला की धाकटीने लगेच बाजू बदलली. या घरात बाजू बदलायला उंबरठाही ओलांडावा लागत नसे. "ते जाऊ दे, वहिनी. आधी आजचं बघू. चारला बाई येणार. आत्ता वाजलाय एक. ताई, गादीला खड्डा पाडायला किती वेळ लागतो?"

"शंभर तासांना एक मिलिमीटर."

"तो खरा खड्डा. मी बिनखऱ्याचं विचारतेय."

थोरली गप्प बसली. उत्तर तिला ठाऊक होतं. कोऱ्या भरणावर दोन-अडीच तास जड वजन ठेवलं की दोन-तीन मिलिमीटर दबते. ताजा खड्डा रात्रीतून भरून येतो, सकाळी गादी पुन्हा कोरी. पण संपादकबाई सकाळी येणार नव्हत्या, चारला येणार होत्या. तिचं गप्प बसणं धाकटीने वाचलं. बहिणी होत्या त्या. तिने मान वळवून नवऱ्याकडे बघितलं.

जावईबापू दोन पावलं मागे सरकले. "मी फक्त चहाला आलो होतो."

"चहा बसल्या जागी देते," धाकटी म्हणाली.

"अहो ताई, तुम्ही सांगा हिला. हे बरोबर आहे का?"

सगळे थोरलीकडे बघू लागले. थोरली साठीची. लग्नाचं विचारलं की "एवढी खुर्ची होऊ दे" म्हणायची, आणि खुर्च्या काही संपल्या नाहीत. आई गेली तेव्हा मेंबर सहा वर्षांचा होता. त्याला हिनेच वाढवलं, टाका घालायला शिकवलं, वाकडी सुई बोटात घुसली तेव्हा चिमट्याने काढली ती हिनेच. आणि बैठकवहीही आता हिच्याच हातात होती. सत्तर वर्षांची वही. तिच्यात मंत्र्यांची शून्यं होती, मूळपुरुषाच्या जिवलग मित्राचं शून्य होतं. खोटा आकडा एकही नव्हता.

"मी कप विसळून येते," थोरली म्हणाली आणि मागच्या मोरीत गेली.

कप दोनच होते. विसळायला तिला अर्धा तास लागला.

परत आली तेव्हा नमुन्याच्या मोठ्या हातखुर्चीवर अठ्ठावन्न नंबरची गादी चढवलेली होती, तिच्यावर जावईबापू चढवलेले होते आणि त्यांच्या मांडीवर जुन्या शिलाई मशीनचं लोखंडी डोकं ठेवलेलं होतं. बापूंच्या हातात बशी होती. ते चहा फुंकत होते आणि मशीन हलू नये म्हणून श्वास बेताने घेत होते.

"पाय बधिर झालेत," ते म्हणाले.

"पाय नकोच आहेत," धाकटी म्हणाली.

अप्पा आपल्या कोपऱ्यात काथ्याच्या गुंडाळीवर बसून होते. एवढा वेळ त्यांनी काही पाहिलं नव्हतं आणि काही ऐकलं नव्हतं. आता ते भिंतीकडे बघत म्हणाले, "मूळपुरुषाच्या वेळी एका मंत्र्याने गादीवर बसायला पगारी माणूस ठेवला होता. त्या माणसाला पुढे मूळव्याध झाली. मंत्र्याला बढती मिळाली."

"अप्पा, तुम्ही झोपा बघू जरा," मेंबरीण म्हणाली.

पावणेतीनला चिमणी आली. हातात कागदांची चळत, केसांत पेन्सिल. तिने हातखुर्चीकडे बघितलं, बापूंकडे बघितलं, मांडीवरच्या मशीनकडे बघितलं.

"काका, हे काय?"

"पाठ दुखतेय," बापू म्हणाले. "शेक घेतोय."

"लोखंडाचा?"

"थंड शेक."

चिमणी मोठ्याने हसणार होती, पण तिची नजर टेबलावर गेली. पंचाण्णव गाद्यांचे ढीग भिंतीला होते आणि टेबल रिकामं होतं. मग तिने पुन्हा बापूंकडे बघितलं, आणि या वेळी बापूंच्या खाली बघितलं.

"आत्या, किती आले होते?"

थोरलीने टेबलावरची पट्टी उचलून पुसायला घेतली.

"तुझ्या बापाची अब्रू आहे ती," मेंबरीण म्हणाली. "उद्या यादी निघतेय. तुझ्या पेपरात शून्य आलं की परवा त्यांना कोण विचारतंय? लेकीनेच बापाला उठवलं असं गाव म्हणेल."

"आणि मी खोटं छापलं तर? बाकीचे पंचाण्णव माझ्या डोक्यावर बसतील. एकतीस नंबरवाल्याचा दोनदा फोन आलाय. म्हणतो, तुमच्या घरची गादी कधी मोजणार?"

"मग घरची तीन निघेल. पुष्कळ झाले तीन. गरिबाला तीन भरपूर."

"आई, बाबा होते कुठे पाच वर्षं? ते तरी कुणी विचारलंय का?"

ते कुणी विचारलं नव्हतं. विचारायची सगळ्यांना भीती वाटत होती. चिमणी बापूंसमोर उभी राहिली. "काका, उठा."

बापूंनी आशेने बायकोकडे बघितलं. धाकटी नाही म्हणाली. त्यांनी मेंबरिणीकडे बघितलं, ती तर भिंतच झाली होती. चिमणी आत्याकडे वळली आणि वाट बघू लागली. थोरली दाभण शोधत होती. दाभण तिच्या हातातच होतं. चिमणी दाराजवळच्या बाकावर जाऊन बसली आणि कागद मांडीवर घेऊन रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिली. थोरलीला ते पाठमोरं बसणं फार लागलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

साडेतीनला मेंबर आला. उंच, सडपातळ, दारातून येताना उगीच वाकणारा. त्याने हातखुर्चीतल्या मेव्हण्याला बघितलं आणि आधी मशीन उचलून खाली ठेवलं.

"बापू, लागेल ना तुम्हाला. कुणी ठेवलं हे?"

"घरच्यांनी," बापू म्हणाले.

त्याला सांगायचं काम धाकटीने केलं. तिने ते चार वाक्यांत केलं आणि त्यात त्याचा अपमान सहा वेळा झाला. मेंबर ऐकत राहिला.

"शून्य कसं येईल?" तो एवढंच म्हणाला. "मी रोज होतो की."

"कुठे?" मेंबरिणीने विचारलं.

"सभागृहात."

"सभागृहात कुठे?"

"अठ्ठावन्नवर."

"मग ही गादी काय हवेत होती?"

मेंबरने गादीकडे बघितलं. त्यालाही काही सुचेना. खोटं बोलणाऱ्याला नेहमी काहीतरी सुचतं, असं थोरलीच्या मनात आलं. पण तेवढ्यात बाहेर गाडीचा दरवाजा वाजला आणि संपादकबाई आत आल्या. गळ्यात कॅमेरा, कपाळावर चष्मा, मुठीत अर्धवट खाल्लेलं बिस्कीट.

"उशीर झाला का? वा, सगळं घर हजर आहे. आजोबा, सुरू करायचं?"

बापू उठले. खुर्चीने मोठा उसासा टाकला. गादी टेबलावर आली. तिच्या मधोमध एक छान, गोल, भरदार खड्डा होता. मेंबरिणीने डोळे मिटले.

अप्पा काठी टेकत आले. त्यांनी तळहात गादीवर ठेवला. ठेवला आणि तसाच राहू दिला. थोरलीने पट्टी छातीशी धरली, कारण अप्पांच्या हाताला चूल विझून किती वेळ झाला तेही कळायचं, आणि ही गादी तर अजून बापूंइतकी गरम होती. अप्पांच्या मिशीचं एक टोक हललं. मग त्यांनी हात उचलला.

"माझा हात आता म्हातारा झाला," ते म्हणाले. "वही पोरीकडे असते. पोरी, तूच वाच."

थोरलीने पट्टी ठेवली. सळई सोडली. सळई सुळकन खाली गेली आणि तीनवर थांबली. संपादकबाई वाकल्या. "तीन. म्हणजे तीनशे तास, बरोबर? ग्रेट नाही, पण ठीक आहे. मधल्या गटात." त्यांनी कॅमेरा उचलला. बैठकवही उघडी होती, अठ्ठावन्नचं पान कोरं होतं आणि पेन थोरलीच्या हातात होतं.

तिला तीन लिहिता येत होते. एवढा एक आकडा. सत्तर वर्षांत एक. भाऊ वाचणार होता, भावजय सुखाने जगणार होती, आणि कळणार कुणाला? कळणार होतं दाराजवळच्या बाकावर बसलेल्या मुलीला. आणि ती काही बोलणार नव्हती, हेच वाईट होतं.

"तीन आहेत," थोरली म्हणाली. "पण हे तीन बापूंचे आहेत."

"कुणाचे?" संपादकबाईंनी कॅमेरा खाली केला.

"आमच्या जावयांचे. दुपारपासून बसवले होते. मी बघत होते, मी थांबवलं नाही. खरा आकडा शून्य आहे."

कारखान्यात असं शांत झालं की पंख्याला स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटावी. मेंबरिणीने तोंडावर पदर घेतला. धाकटी पटकन म्हणाली, "माझी कल्पना होती ती. ताईचं नाव कशाला?" दुपारपासून तिने बदललेली ही तिसरी बाजू, आणि ही मात्र शेवटपर्यंत टिकली.

थोरलीने पानावर शून्य काढलं. चांगलं गोल काढलं. दोनदा गिरवलं.

"ताई," मेंबर म्हणाला. तो दोन पावलं पुढे आला होता. "शून्य लिही, माझं काही म्हणणं नाही. वही खोटी नको. पण मी बसत होतो. पाच वर्षं बसत होतो गं." एवढं बोलून त्याचं बोलणं संपलं, आणि तो मागच्या रिकाम्या हातखुर्चीवर खाली बसला.

बसला म्हणजे टेकला. खुर्चीच्या अगदी पुढच्या काठावर, चार बोटं जागेत, गुडघे पुढे, टाचा वर, पाठ ताठ. मागे सगळी खुर्ची मोकळी.

थोरली त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने धाकटीकडे बघितलं. धाकटी स्टुलाच्या काठावर टेकलेली. अप्पा पुन्हा काथ्याच्या गुंडाळीवर, तेही काठावर. चिमणी बाकाच्या कडेला. खुर्चीत भरभरून बसत फक्त मेंबरीण आणि जावईबापू, म्हणजे जे बाहेरून या घरात आले होते ते.

"अप्पा," थोरली म्हणाली, "लहानपणी आम्ही कारखान्यात खुर्चीवर बसलो की तुम्ही काय करायचात?"

"पट्टी मारायचो. गिऱ्हाइकाची खुर्ची आहे, टेकायचं, बसायचं नाही. नाहीतर आपणच खड्डा पाडू आणि..." अप्पांचं वाक्य तिथेच थांबलं. त्यांचा हात आपोआप गुंडाळीच्या काठाला गेला, जिथे ते स्वतः ऐंशी वर्षं टेकत आले होते.

थोरलीने गादी फिरवली. पुढची कड उजेडाकडे धरली. कडेचा गोट चार बोटं रुंदीत पार झिजून पांढरा पडला होता, आतला दोरा दिसत होता. तिने अंगठ्याने दाबलं. बापूंचा खड्डा सोडला तर बाकी गादी कोरी, आणि एवढी एक जागा लाकडासारखी कडक. भरण दबून दबून फळी झालं होतं. मूळपुरुषाची पट्टी तिने कडेवर आणली तर ती कलंडली. पट्टीचं भोक मधे होतं. सत्तर वर्षं मधेच होतं. बसणं ही गिऱ्हाइकाने करायची गोष्ट आणि गिऱ्हाईक बसतं मधे. घरच्यांपैकी कुणी त्या खुर्चीत जाईल हे पट्टी करणाऱ्याला सुचलंच नव्हतं.

तिने साधी फूटपट्टी घेतली, दोरा ताणला, खालचं मोजलं.

"अकरा."

"काय अकरा?" मेंबरिणीने पदर काढला.

"अकरा मिलिमीटर. अकराशे तास."

"कडेला निम्मं वजन पायांवर असतं," अप्पा म्हणाले. "दुपटीने धर."

"कडेला जागा पण निम्मीच असते, अप्पा. अकराच."

"बावीस."

"अकरा. दुपटीने धरलं तर बावीसशे तास होतात, तेवढं सभागृह भरलंच नाही."

संपादकबाईंनी बिस्किटाचा उरलेला तुकडा तोंडात टाकला. "पण काठावर का बसत होतात?"

मेंबरने खांदे उडवले. "एक तर सवय. आणि दुसरं म्हणजे, नाव कधीही पुकारतील. मागच्या रांगेतून उठायला वेळ लागतो. तेवढ्यात दुसऱ्याला देतात." त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. घड्यांवर तो इतका विरला होता की चिमणीने तो दोन्ही हातांनी झेलला. आमच्या भागातल्या दवाखान्याची लिफ्ट बंद आहे, रुग्णांना चार मजले झोळीतून नेतात, एवढीच आठ ओळींची गोष्ट. वर तारीख होती पाच वर्षांपूर्वीच्या पहिल्या आठवड्याची.

"एकदाही पुकारलं नाही?" चिमणीने विचारलं.

"दोनदा पुकारलं. एकदा अठ्ठावन्नऐवजी पंचावन्न उठला. एकदा जेवणाची सुट्टी झाली."

मेंबरीण उठली आणि नवऱ्याशेजारी जाऊन उभी राहिली. डब्याबद्दल ती काही बोलली नाही. फक्त त्याच्या खांद्यावरचा दोरा काढून टाकला. तसा खांद्यावर दोरा नव्हताच.

संपादकबाई टाळी वाजवून म्हणाल्या, "चला, छान झालं. अकरा लिहा, मी फोटो घेते."

"नाही," चिमणी म्हणाली.

सगळ्यांनी वळून बघितलं.

"पंचाण्णव जणांचं मधलं मोजायचं आणि बाबांची कड मोजायची, हे कुठलं माप? सगळ्यांच्या कडा मोजाव्या लागतील. नाहीतर शून्यच छापायचं."

"पंचाण्णव?" जावईबापू कळवळले. "अगं, माझे पाय आत्ता कुठे जागे होतायत."

"तुम्ही फक्त उचलून द्या, काका."

मग पंचाण्णव गाद्या पुन्हा उतरल्या. बापू उचलून देत, धाकटी दोरा ताणून धरी, थोरली मोजे, चिमणी लिहून घेई. मेंबरिणीने एकतीस नंबरची कड स्वतः मागून घेतली आणि कोरी निघाल्यावर ती दोनदा सगळ्यांना दाखवली. सहा वाजले तेव्हा सोळा गाद्यांची पुढची कड झिजलेली निघाली होती. मेंबरची धरून सतरा. सतराच्या सतरा शेवटच्या दोन रांगांतल्या.

संपादकबाई यादीकडे बघत राहिल्या. "म्हणजे पुढे झोपतात आणि मागे उठायच्या तयारीत बसतात."

"पुढच्यांना पुकारतात," थोरली म्हणाली. "मागच्यांच्या गाद्यांना विचारा."

त्या फोन घेऊन बाहेर गेल्या. उद्याच्या पानावरचा मथळा बदला, असं कुणाला तरी सांगताना त्यांचा आवाज आत ऐकू येत होता. यादीत मेंबरचं नाव येईल की नाही ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण लिफ्टच्या आठ ओळी जशाच्या तशा छापणार, एवढं चिमणीने कबूल करून घेतलं होतं.

अप्पा काठी टेकत मुलासमोर आले. "मेंबर."

"काय, अप्पा?"

"ती गादी घे. ठेव हातखुर्चीवर. आता बस."

मेंबर टेकला.

"टेकू नको, बस. मागे सरक. अजून मागे. ती गिऱ्हाइकाची खुर्ची नाही. तुझी आहे. उद्यापर्यंत तरी आहे."

मेंबर बहिणीकडे बघत मागे सरकला. पाठ टेकली. हात खुर्चीच्या हातांवर ठेवले, उचलले, परत ठेवले. पायांचं काय करावं ते त्याला कळेना, म्हणून त्याने ते लांब केले. थोरलीने सवयीने भिंतीवरचं घड्याळ बघितलं.

चौथ्या मिनिटाला त्याची मान कलली. पाचव्या मिनिटाला तो घोरायला लागला.

"झाला," अप्पा म्हणाले. "आता झाला खरा सभासद."

कुणी त्याला उठवलं नाही. सव्वासहाच्या सुमाराला तो दचकून जागा झाला आणि एकदम उठून उभा राहिला, नाव पुकारल्यासारखा. थोरलीने बैठकवही ओढली. अठ्ठावन्नच्या पानावर, गिरवलेल्या शून्याखाली, तिने लिहिलं: जावई वगळले. पुढे अकरा. मग जरा थांबून तिसरी ओळ लिहिली: मधे, पंधरा मिनिटं.

घोरण्याचा उल्लेख तिने केला नाही. वहीत खोटं लिहायचं नाही, एवढाच नियम होता.